पावसाळी सह्याद्री आणि कोकण किनारा: निघण्याआधी, वाटेवर आणि अडकल्यावर

दरवर्षी जून लागला की त्याच चुका नव्याने होतात. आधी ठिकाण ठरतं, मग तारीख, मग गाडी आणि जेवण. हवामान बघितलं जातं ते आदल्या रात्री, आणि तेही आपल्या शहराचं. सकाळी ऊन पडलेलं दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

डोंगरातला ओढा फुगतो तो वरच्या पठारावर पडलेल्या पावसाने. भरतीची वेळ चंद्र ठरवतो. किनाऱ्यावर आदळणारी मोठी लाट कित्येकदा शेकडो किलोमीटर दूरच्या वाऱ्याने उठवलेली असते. धोका दुसरीकडे तयार होऊन तुमच्यापर्यंत येतो, त्यामुळे डोक्यावरचं आभाळ बघून घेतलेला निर्णय इथे फसतो. २४-२५ जुलै २०२४ च्या चोवीस तासांत पुण्यात शिवाजीनगरला सुमारे ११४ मिलिमीटर पाऊस झाला, तर ताम्हिणीला साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यातली, एकाच दिवशीची.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटला की तयारी केलेल्या माणसाचीही फसगत होते.

## पायरी १: परतीची वाट आधी ठरवा (तीन-चार दिवस आधी)

नकाशा उघडा आणि शेवटापासून सुरुवात करा. गाडी जिथे लावणार तिथून उलट वर या आणि आडवे येणारे ओढे मोजा. मग प्रत्येक ओढ्याचं पाणी कुठून येतं ते बघा. वर लहानशी उतरण असेल तर तो ओढा पावसाबरोबर वाढतो आणि पावसाबरोबर ओसरतो. वर मोठं पठार, दाट जंगल किंवा धरण असेल तर खाली ऊन असतानाही पाणी चढू शकतं. कुंडलिका नदीचंच बघा. भिऱ्याच्या वीजनिर्मितीचं पाणी सुटलं की खाली कोलाडच्या बाजूला पात्र वाढतं, आणि त्याचा तिथल्या पावसाशी काही संबंध नसतो.

आता स्वतःला विचारा: हा ओढा सकाळी घोट्याएवढा असेल आणि दुपारी कमरेएवढा झाला, तर मी दुसऱ्या कुठल्या वाटेने खाली येईन? उत्तर सापडत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती जागा सोडून द्या. ‘बघू तिथे गेल्यावर’ हे उत्तर नव्हे.

माझं मत स्पष्ट आहे. घळीतून किंवा नाळेतून जाणाऱ्या वाटा पावसाळ्यात वर्ज्य समजा. सांदण दरी, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट या पाण्यानेच कोरलेल्या वाटा आहेत, आणि पाऊस आला की पाणी आपली वाट परत घेतं. दोन्ही बाजूंना कातळ असल्यामुळे चढून बाजूला व्हायलाही जागा नसते. सोंडेवरून किंवा धारेवरून चढणारी वाट पाण्याच्या बाबतीत बरी, पण तिथे वारा आणि वीज यांचा विचार करावा लागतो.

याच टप्प्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे आदेशही तपासा. पावसाळ्यात बरेच धबधबे, धरणं, किल्ले आणि घाटरस्ते काही काळ बंद ठेवले जातात. आदेश गेल्या आठवड्यातला असेल तर आज तो लागू आहे की नाही, हे तहसील कार्यालयात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारा.

तपासणी: परतीच्या वाटेवरचे ओढे, पर्यायी वाट, शेवटची उतरण अंधाराआधी संपण्याची वेळ आणि फोनची रेंज कुठे तुटते ती जागा. ही चार उत्तरं कागदावर असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी २: अंदाज नीट वाचा (दोन दिवस आधीपासून रोज)

भारतीय हवामान विभागाचे इशारे चार रंगांत येतात. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. लोक लालला थांबतात आणि नारिंगीला निघतात, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. नारिंगी इशारा मुख्यतः घरी असलेल्या माणसाला सावध करण्यासाठी असतो. कड्यावर किंवा ओढ्याच्या पात्रात उभ्या असलेल्या माणसाला तेवढाच पाऊस पुरेसा असतो. घाटमाथ्यासाठी नारिंगी असेल तर डोंगर रद्द, असा नियम ठेवा.

‘घाटमाथ्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा. हवामान विभाग पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो. पुणे शहर हिरवं आणि पुण्याचा घाटमाथा लाल, असं एकाच दिवशी होतं. लोणावळा, ताम्हिणी, वेल्हे, भीमाशंकर या भागांत जाणाऱ्याने घाटमाथ्याचीच ओळ वाचायची.

आकड्यांचा अर्थ असा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्यावर अत्यंत मुसळधार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून शनिवारी सकाळी साडेआठला नोंदलेला पाऊस खरं तर शुक्रवारपासूनचा असतो. तो नक्की बघा, कारण आधीच चिंब झालेल्या डोंगरावर पुढचा पाऊस मुरत नाही, सरळ वाहून येतो.

‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ वाचून बरेच जण निश्चिंत होतात. तुरळक म्हणजे त्या भागातल्या थोड्या ठिकाणी. पडेल तिथे पाऊस तेवढाच जोरदार असतो, आणि घाटात ते ठिकाण बहुतेक वेळा कड्याच्या तोंडाशीच असतं.

फोनवर ‘मौसम’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही ॲप ठेवा. ‘दामिनी’ पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने तयार केलं आहे. त्या दिवशी सकाळी तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि रडारचं चित्र बघा. समुद्रासाठी हैदराबादच्या ‘इन्कॉईस’ संस्थेचे उंच लाटांचे इशारे वेगळे असतात. पावसाचा इशारा नसतानाही ते लागू असू शकतात.

इशारा: फोनमधलं ढगाचं चिन्ह आणि ‘६० टक्के’ एवढ्यावर डोंगराचा निर्णय घेऊ नका. त्यातून किती मिलिमीटर, कुठे आणि किती वेळ, यातलं काहीच कळत नाही.

## पायरी ३: भरती-ओहोटीची वेळ काढा

किनाऱ्यावर जाणाऱ्यासाठी ही पायरी पावसाच्या अंदाजाइतकीच मोठी आहे, आणि सर्रास वगळली जाते.

आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांवर, आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नवाच्या आसपास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास. हा अंदाज मुंबई-अलिबागकडे बऱ्यापैकी जुळतो, पण जीव त्याच्या भरवशावर टाकू नका. त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा आणि तिथीचा हिशेब पडताळणीला वापरा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावं. भर दुपारची सोयीची ओहोटी येते ती भांगाच्या दिवसांत, आणि तेव्हा पाणी पुरेसं उतरत नाही. वाट चांगली मोकळी होते ती उधाणाच्या दिवसांत, पण तेव्हाची ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. संध्याकाळची धरली तर परतताना अंधार आणि चढतं पाणी एकदम गाठतात. पावसाळ्यात हा पायी खटाटोप करूच नये.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा ओहोटी आणि भरतीत चार मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी फूटभर चढतं आणि माणूस म्हणतो, ‘अजून खूप वेळ आहे.’ तिसऱ्या तासात ते एक मीटर चढतं. सपाट पुळणीवर तेवढ्या वेळात पाण्याची कड कुठल्या कुठे आत येते. बेट, खडक, किल्ला, खाडीचा दांडा यांपैकी कुठेही ओहोटीला गेलात तर ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात मुख्य किनाऱ्यावर परत या.

## पायरी ४: पिशवी आणि कपडे

इथे फार वेळ घालवायला नको. जीन्स आणि जाड सुती कपडे नकोत. भिजले की सुकत नाहीत आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतात. वीस अंशांतही भिजलेला, दमलेला माणूस गारठतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा आणि तो कितीही मोह झाला तरी चालताना घालू नका, तो थांबल्यावर घालायचा. छत्री डोंगरात निरुपयोगी, दोन्ही हात मोकळे हवेत. बूट चांगल्या खाचांचे, आधी वापरलेले.

बाकी: डोक्यावरची बॅटरी माणशी एक, शिट्टी, पॉवरबँक, गूळ-चिक्की-खजूर, मोठं प्लास्टिक किंवा ताडपत्री, प्रथमोपचार आणि आधारासाठी काठी.

## पायरी ५: घरी कागद ठेवून निघा

नावं, फोन नंबर, गाडीचा नंबर, पायथ्याचं गाव, जायची वाट, परतीची वाट, आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागा’ अशी ठाम वेळ. हा कागद अशा माणसाकडे द्या जो वेळ टळल्यावर खरंच फोन करेल. ग्रुपवर टाकलेला मेसेज या कामाला चालत नाही, कारण तो सगळ्यांसाठी असतो आणि म्हणून कुणाचाच नसतो.

बेत वाटेत बदलला तर रेंज असेपर्यंत कळवा. कागदावर एक गड आणि माणसं दुसऱ्याच गडावर, असं झालं की शोधपथकाची रात्र चुकीच्या डोंगरावर जाते.

## पायरी ६: तीन ठिकाणी थांबून निर्णय घ्या

पहिलं घरी, पहाटे: इशारा रात्रीत बदलला का? दुसरं पायथ्याच्या गावात: रात्री पाऊस किती झाला, ओढा कसा आहे, काल कुणी वर गेलं होतं का, हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. ‘वर जाता येईल का?’ असं विचारू नका, पाहुण्याला नाही म्हणायला माणसं संकोचतात. ‘तुम्ही आज गुरं घेऊन वर गेला असता का?’ असं विचारा, खरं उत्तर मिळेल. शक्यतो गावातलाच वाटाड्या घ्या. तिसरं, पहिल्या ओढ्यापाशी.

परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, म्हणजे माथा दोनशे पावलांवर असताना वाद होत नाही.

## पायरी ७: ओढा ओलांडणं

पावसाळी डोंगरात माणसं जातात ती बहुतेक पाण्यात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

पाण्यापाशी पोचल्यावर लगेच उतरू नका. पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवा, किंवा तिथल्या एखाद्या दगडावर पाणी कुठवर लागलंय ते डोळ्यांत भरून घ्या. दहा मिनिटं बसा. पाणी पितानाही नजर त्या दगडावर असू द्या. त्याची खालची कड बुडाली तर पाणी चढतंय. नितळ पाण्याला अचानक गढूळ लाल रंग आला, वरून पानं-काटक्या वाहत येऊ लागल्या, किंवा वरच्या अंगाने घुमल्यासारखा आवाज येऊ लागला, तर विचार करत बसू नका. पात्रातून बाहेर या आणि सरळ उंचावर चढा.

पाणी स्थिर असेल तर पुढच्या तीन गोष्टी बघा. पाणी गुडघ्याच्या वर आहे का? तळ दिसत नाही का? पाण्याखाली दगड गडगडताना ऐकू येतात का? तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ओलांडू नका. जोराचं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी मोठ्या माणसाचे पाय उचलतं.

ओलांडायचंच ठरलं तर असा क्रम:

१. पात्र रुंद आणि पसरट असेल ती जागा निवडा. अरुंद जागा जवळची वाटते, पण पाणी तिथेच खोल आणि जोरदार असतं.

२. खालच्या अंगाला काय आहे ते चालत जाऊन बघून या. धबधब्याचं तोंड, अडकलेली झाडं किंवा मोठे दगड असतील तर ती जागा बाद.

३. पिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पडलात तर पिशवी टाकता आली पाहिजे.

४. बूट घालूनच उतरा. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला थोडं तिरकं, काठी वरच्या अंगाला टेकवलेली. एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही.

५. गट असेल तर एकमेकांच्या दंडात दंड अडकवून, रांग प्रवाहाच्या दिशेत ठेवून, सगळ्यांनी एकत्र पावलं टाकत जा. धडधाकट माणूस वरच्या टोकाला. हाताची साखळी करून पात्रभर आडवं उभं राहू नका, पाण्याचा सगळा दाब त्या रांगेवर येतो.

६. कंबरेला दोर बांधून कुणालाही पाण्यात उतरवू नका. माणूस पडला की ताणलेला दोरच त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

पाण्यात पडलात तर: पाठीवर व्हा, पाय प्रवाह जातो त्या दिशेला आणि वर तरंगते ठेवा. वाहत्या पाण्यात उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडांत अडकतो. पाणी संथ झालं की काठाकडे सरका.

पाणी जास्त असेल तर बसून राहणं हा उत्तम उपाय आहे. पाऊस थांबला की घाटातले लहान ओढे काही तासांत उतरतात. सोमवारी कामावर उशीर झाला तर चालेल.

धबधब्याखाली उभं राहायचा मोह टाळा. पाण्याबरोबर दगड येतात, आणि फेसात ते दिसत नाहीत. पात्राच्या मधल्या खडकावर फोटोसाठी थांबणं तर कधीच नको. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं अशीच अचानक वाढलेल्या पाण्यात वाहून गेली.

## पायरी ८: कडा, वीज आणि दरड

धुकं आलं की कड्यापासून मागे सरका आणि जागच्या जागी बसा. वाट शोधायला एकट्याला पाठवू नका. शेवाळलेल्या कातळावर उतरताना पावलं लहान, वजन पायांवर. हरिहरच्या कातळपायऱ्या किंवा कळसूबाईच्या शिड्या यांवर गर्दी असेल तर खाली थांबून राहा. वरचा एक घसरला तर खालच्या सगळ्यांना घेऊन येतो.

विजेचा धोका मे, जूनचा पहिला भाग आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर यांत जास्त, तोही दुपारनंतर. या महिन्यांत पहाटे चढा आणि दुपारी बाराच्या आत माथा सोडा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर माथा, बुरूज, ध्वजस्तंभ, एकटं झाड, लोखंडी शिडी आणि कठडे लगेच सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नका. पक्की इमारत किंवा बंद गाडी सुरक्षित. उथळ गुहेच्या तोंडाशी किंवा झाडाखाली थांबू नका. काहीच सापडलं नाही तर खोलगट जागी एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे झोपू नका.

दरडीचा विचार मुक्कामाची जागा ठरवताना करा. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे डोंगर खाली आला तो सलग जोरदार पावसात, आणि इर्शाळवाडीत तर लोक रात्री घरात असताना. तीव्र उताराच्या पायथ्याशी किंवा नाल्याच्या तोंडाशी असलेल्या घरात लाल इशाऱ्याच्या रात्री राहू नका, घरमालक कितीही आपुलकीने थांबवत असला तरी. जमिनीला नवी भेग, कललेली झाडं किंवा खांब, अचानक गढूळलेला किंवा अचानक आटलेला झरा, ही लक्षणं दिसली की बाहेर पडा आणि गावालाही सांगा. पळायचं ते दरडीच्या वाटेतून आडवं, बाजूला. खाली नाही.

घाटरस्त्यात कापलेल्या उताराखाली गाडी लावून भजी खात बसू नका. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका, फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवतं. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल, हा हिशेब चुकीचा, कारण तेवढ्यात खालचा रस्ता खचलेला असू शकतो. रात्री घाट उतरणं शक्यतो टाळाच. महाडजवळ सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, आणि अंधारात येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे दिसलं नाही.

## पायरी ९: किनाऱ्यावर

जून ते सप्टेंबर समुद्रात पोहायला उतरायचं नाही. मच्छीमारांच्या होड्यासुद्धा जून-जुलैत ओढून ठेवलेल्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरी बसलेत, एवढी खूण पुरे.

पण पावसाळा संपला म्हणजे समुद्र निर्धास्त झाला असंही नाही. मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले तो दिवस होता १ फेब्रुवारी २०१६. आकाश निरभ्र असलं तरी भरती-ओहोटी आणि पाण्याची ओढ वर्षभर असते.

पाण्याजवळ जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उंचावरून समुद्र बघा. लाटा गटागटाने येतात. पाच-सात लहान लाटा बघून खडकावर उतरलेला माणूस पुढच्या मोठ्या गटात सापडतो. खडक जिथवर ओला किंवा शेवाळलेला आहे, तिथवर लाट येते असं समजा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर भरतीच्या वेळी, किंवा लाटा पायऱ्यांपर्यंत येत असताना, उतरू नका. पुजारी किंवा गावकरी थांबवत असतील तर वाद घालू नका.

परत ओढणारा प्रवाह ओळखायला शिका. लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद दिसतो, किंवा फेस आणि गढूळ पाणी समुद्राकडे जाताना दिसतं, तिथे ओढ आहे. मुलांना घेऊन लोक नेमके त्या शांत पट्ट्यात उतरतात, कारण तिथे लाटा नसतात. खाडीचं मुख आणि खडकाचं टोक यांच्याजवळ ही ओढ बहुधा असतेच.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. चांगला पोहणाराही दमतो. तरंगत राहा, हात वर करून ओरडा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या. मग लाटांबरोबर तिरके किनाऱ्याकडे या.

इशारा: बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नका. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, असेच घरातले लोक गेले आहेत. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, टायरची ट्यूब, नारळाचा दोर, गाठी मारलेल्या ओढण्या, जे हाताशी असेल ते फेका आणि मदतीला हाका मारा. गोव्यात जीवरक्षक असतात तिथेच पाण्यात जा. लाल बावटा असेल तर घोट्याएवढंही नको.

पुळणीवर गाडी नेऊ नका. ओली वाळू चाकं धरून ठेवते, आणि भरती तोपर्यंत थांबत नाही.

मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अरबी समुद्रात चक्रीवादळं येऊ शकतात. वादळाचा इशारा आला की मुक्काम अर्ध्यावर सोडून घाटावर या, तोही वारा सुरू होण्याआधी. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या परिसरात धडकलं तेव्हा झाडं आणि विजेचे खांब पडून रस्ते बंद झाले. त्या वेळी निघणं म्हणजे वाटेत अडकणं. केंद्रबिंदू वरून जाताना वारा अचानक पडतो, त्याला वादळ संपलं समजून बाहेर येऊ नका. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने सुरू होतो.

## पायरी १०: अडकलात तर

आधी सगळ्यांना एकत्र करा आणि मोजा. पाणी, कडा आणि उतार यांपासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला बसा. मग फोन.

११२ हा सगळीकडचा क्रमांक. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचावपथकांचा समन्वय करणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे आणि लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी पथकं आहेत. त्यांचे क्रमांक घरूनच फोनमध्ये भरून घ्या. सांगताना क्रम असा ठेवा: कुठे आहात (गड, वाट, शेवटचं ओळखीचं ठिकाण), किती जण, कुणाला काय झालंय, काय दिसतंय, बॅटरी किती. ज्या फोनवरून बोललात तो चालू ठेवा, बाकीचे बंद. त्यानंतर जागा बदलू नका. रेंज नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. रात्री बॅटरीने तेच.

बचावपथकातली माणसं आपापली कामं टाकून, पावसात, पायी येतात. त्यांना पोचायला तास लागतात, तेव्हा रात्र काढायची तयारी लगेच सुरू करा. ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं आणि मान झाका, पिशव्यांवर बसा, ताडपत्री सगळ्यांभोवती गुंडाळा, गोड खा. कुणी अडखळत बोलू लागला, बटण लावता येईना, असंबद्ध वागू लागला, तर तो गारठलाय. त्याला मध्ये घ्या. हातपाय जोरात चोळू नका, दारू देऊ नका. कुडकुडणं थांबूनही माणूस सुस्त होत गेला तर ते बरं झाल्याचं लक्षण मानू नका, प्रकृती बिघडतेय. पुन्हा फोन करून तसं कळवा.

पाण्यातून बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. आपल्याकडे यातच मोलाची मिनिटं जातात. पाठीवर झोपवा, नाक धरून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर जोराने आणि भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच. हे वाचून येत नाही. रेड क्रॉस किंवा जवळच्या रुग्णालयाच्या प्रथमोपचार वर्गात एकदा हाताने करून शिका. आणि बुडता बुडता वाचलेला माणूस शुद्धीवर येऊन ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो, आणि तेव्हा तो घाटात गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेला नसावा.